मुंगसांचं हवाई दल

माणसांनी विमानं बांधली त्याच्या कितीतरी आधी मुंगसांनी स्वतःचं हवाई दल उभारायचं ठरवलं. बिळात पिल्लं होती आणि बांधावरचा नाग रोज जवळ सरकत होता. जमिनीवर मुंगसं लढणार होती, पण आकाशातून साथ कोणाची घ्यायची?

"माझी!" ससाणा म्हणाला. "माझ्यासारखा वेग आहे कोणाकडे?"

लढाई जुंपली. ससाणा ढगातून बाणासारखा आला आणि गवतात वळवळणारं काहीतरी लांबलचक उचलून वर निघाला. ती म्होरक्या मुंगसाची शेपटी होती.

"अरे सोड, मी आहे मी!" म्होरक्या हवेतून ओरडला. ससाण्याने दचकून त्याला गवतावर टाकलं.

तेवढ्यात बाभळीवरून चिमुकल्या कोतवाल पक्ष्याने हाक दिली, "मुंगसांनो, शेपट्या उभ्या करा!" शेपट्या ताठ झाल्या. आडवा राहिला तो नाग! कोतवालाने त्याच्या फण्यावर चोच मारली. नाग वर वळला आणि मुंगसांनी त्याची मान धरली.

संध्याकाळी मुंगसांनी कोतवालाला हवाई दलात घेतलं, तेव्हा ससाणा रुसून म्हणाला, "त्याचा वेग तो काय!"

म्होरक्या शेपटी चाटत हसला. "वेगात तुला तोड नाही, बाबा. पण तुला वरून सगळीकडे सापच दिसतो. त्याला आम्हीही दिसतो."