तान्हूबाईचे बैल

गावात प्रभू येशूचं विटांचं देऊळ उभं राहायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. तेव्हा नांदूरखडीत आमची उपासना मातीच्या भिंतींच्या एका लांबट खोलीत व्हायची. तेच आमचं देऊळ. घंटा नव्हती. नाताळच्या सकाळी कुणीतरी नांगराचा जुना फाळ वाजवायचं आणि त्या आवाजावर सगळी घरं गोळा व्हायची.

त्या काळी गावात तान्हूबाई नावाची सुईण होती. तिची स्वतःची कूस रिकामी राहिली, पण गावातलं प्रत्येक लेकरू तिच्याच हातांवर जगात आलेलं. तिनं पोटावर हात ठेवला की कळा निवायच्या, असं म्हणतात.

एकदा शांतवनच्या बायकोचं बाळंतपण अडलं. मूल आलं ते निळं पडलेलं. रडेना. तान्हूबाईनं ते छातीशी धरलं आणि प्रभूला नवस बोलली, "ही पोर जगू दे. माझ्या हातावर आलेलं एकबी लेकरू नाताळला रिकाम्या हातानं घरी जायचं नाही." पोर रडली. तिचं नाव रिबका ठेवलं.

तेव्हापासून सुगी झाली की तान्हूबाई ज्वारीच्या कडब्याची खेळणी करायला बसायची. कडब्याच्या ताटाची साल सोलून तिच्या चोया, म्हणजे बारीक पट्ट्या, काढायच्या आणि आतल्या मऊ गाभ्याचे, भेंडाचे बैल करायचे. प्रत्येक पोराला एक बैल, आणि त्याच्यासोबत कुणाला गाडी, कुणाला पाळणा, कुणाला भिंगरी. प्रभूला गव्हाणीत निजवलं होतं, म्हणून नाताळला देवळात गोठ्यातलीच एक जुनी गव्हाण मांडत. खेळणी तिच्यात ठेवायची आणि उपासना झाली की वाटायची.

मग तो दुष्काळ आला. विहिरी तळाला गेल्या. दावणीला बसलेली गुरं पुन्हा उठेनात. सगळ्या गावात कडब्याची एकच पेंढी उरली होती. तान्हूबाईनं ती नवसासाठी आढ्याला बांधून ठेवली होती.

शांतवनच्या जोडीतला एक बैल गेला होता. दुसरा, ढवळ्या, नुसता हाडांवर उभा होता. शांतवन तिच्या दारात आला.

"मावशे, ती पेंढी दे. ढवळ्याचे चार दिवस निघतील."

"नवसाची हाय रं ती. तुझ्याच लेकीपायी बोललेला नवस."

"मग तिचा बाप सांगतो, तिला खेळणं नको. भेंडाचा बैल करायला खरा मारतीस व्हय?"

 प्रभूला दिलेला शब्द मोडायची तान्हूबाईची छाती झाली नाही. पण त्या वर्षी चोया काढताना ती सारखी पदरानं डोळे पुसत होती, असं म्हणतात.

नाताळच्या सकाळी फाळ वाजला. लोक देवळाच्या दाराशी आले तर आत ढवळ्या उभा. दावं तोडून आलेला, तोंड गव्हाणीत. तो सावकाश चघळत होता. पोरांनी एकदम गळा काढला. कुणीतरी काठी उगारली. शांतवन मान खाली घालून राहिला. तेव्हा तान्हूबाईच काठीच्या आडवी गेली.

"मारू नका. गव्हाण त्याचीच हाय. तिच्यातलं त्यानं नाही खायचं तर कुणी? त्याच्या तोंडचा घास मीच धरून ठेवला होता."

मग ती पोरांकडे वळली. त्यांचे हात रिकामे होते, आणि आता नवस मोडणार होता. ती गुडघे टेकून बसली आणि गव्हाणीत हात घातला, निदान एखादी चोय तरी लागेल म्हणून.

हाताला बैल लागला. मग दुसरा. गाड्या गेल्या होत्या, पाळणे गेले होते, भिंगऱ्या गेल्या होत्या. बैल मात्र एकूणएक शाबूत. खरं तर भेंडाचा बैल सगळ्यात मऊ, उपाशी जनावर आधी तोच उचलणार. पण ढवळ्यानं आपल्यासारख्याला तोंड लावलं नाही, असं म्हणतात. एकही लेकरू रिकाम्या हातानं राहिलं नाही.

रिबका हातातला बैल उलटापालटा करून बघत होती. "आजे, एकाच बैलाची गाडी कशी व्हायची?"

"शेजारच्या पोरीकडं बघ की. तिच्यापाशीबी एक हाय."

ते ऐकून शांतवननं मान वर केली. गावात दारोदार असेच एकेकटे बैल उरले होते. त्या दिवशी लोकांनी आपापल्या छपरांवरचा जुना पाला उतरवला आणि सगळ्या गुरांपुढे सारखा टाकला. पाऊस येईपर्यंत ढवळ्या तगला. शेजारच्या एकट्या बैलासोबत एकाच जुवाखाली चालून त्यानं गावाची पेरणी केली. त्याची पावलं पडली त्या वावरातली ज्वारी घराच्या आढ्याला लागली, असं म्हणतात.

आता देवळाला घंटा आहे, दुकानात हवं ते खेळणं मिळतं. तरी नाताळला सगळं गाव कडबा घेऊन देवळाच्या अंगणात बसतं. आधी गोठ्यात पेंढी टाकायची, मगच चोया काढायच्या. गव्हाणीतून प्रत्येक लेकराला तान्हूबाईच्या नावानं बैल मिळतो, एकच. गाडी कुणी देत नाही. जोडीचा बैल शोधायचा आणि दोघांनी मिळून गाडी करायची.

वर्षात ज्या घरांचा एकमेकांशी अबोला झालेला असतो, त्यांची पोरं आम्ही बायका मुद्दाम शेजारी बसवतो. सांजेची प्रार्थना सुरू व्हायच्या आत त्यांच्या आया एकमेकींकडे पोरांची गाडी बांधायला दोरा मागायला गेलेल्या असतात.