टाकीचा श्वास

"…पण तापतो तरी का, बुवा? पंप कोरा करकरीत आहे."

दत्ताराम तांडेल हे विचारत होता खाडीच्या मुखावरच्या वाळूच्या बेटावर, जैतूबुवांच्या खोपीसमोर. याच बुवांनी त्याला सुकाणू धरायला शिकवलं होतं. आता ते नुसते बसून असत. इतके स्तब्ध, की खंड्या त्यांच्या खांद्यावर बसून मासा खाई आणि काटे दाढीत ठेवून जाई. खोटं वाटत असेल तर खंड्याला विचारा.

सकाळचं धुकं होतं. काठाला लावलेली होडी पाण्यात आहे की आभाळात, कळत नव्हतं. होडीच्या टोकाला दत्तारामचा धाकटा भाऊ अनंत पाठ फिरवून बसला होता. मांडीवर कपड्यांचं गाठोडं. भरती आली की बेटाला लागणाऱ्या दुसऱ्याच्या होडीवर तो खलाशी म्हणून जायचा होता. कायमचा.

"काय काय केलंस?" बुवांनी विचारलं.

"डिझेल गाळायची जाळी बदलली. वायर जाड घातली. इंजिनापासून लांब नेऊन बसवला, वर ओलं गोणपाट गुंडाळलं. तरी डिझेल ओढता ओढता विस्तव होतो आणि भर खाडीत बंद पडतो. जरा थांबलं की चालतो… मग पुन्हा तेच."

"अनंत काय म्हणतो?"

"तो काय म्हणणार? सारखं टाकीकडे बोट करतो. म्हटलं, तू गप. पंप मी बसवलाय. टाकी मी बंद केलीय. होडी वर ओढून ठेवली होती, तेव्हा अख्ख्या पावसाळ्यात थेंब आत जाऊ दिला नाही."

"थेंबही नाही…"

"वाराही नाही, बुवा."



पौर्णिमेला गावाने समुद्राला वाहिलेले नारळ बुवांच्या दारात येऊन लागत. समुद्र आधी त्यांना विचारून घेतो, असं गावात म्हणतात. त्यातला एक बुवांनी उचलला, शेंडी उपटली आणि खिळ्याने एकच डोळा फोडला.

"पी."

दत्तारामने नारळ तोंडाला लावून मान मागे टाकली. एक थेंब आला… मग काही नाही. त्याने ओढलं. गाल आत गेले, कपाळावरची शीर फुगली.

बुवांनी त्याच्या कानाला हात लावून पाहिला.

"तापलास की रे."

आणि नारळ त्याच्या तोंडाशी असतानाच त्यांनी दुसरा डोळा फोडला. पाणी भळभळ हनुवटीवरून छातीवर उतरलं.

दत्ताराम तसाच उभा राहिला… मग सावकाश होडीत चढला. टाकीच्या हवेच्या नळीत पावसाळ्यापूर्वी त्याने मेण लावून चिंधीचा बोळा ठोकला होता. तो अजून तिथेच होता. त्याने तो उपटला.

टाकीने असा लांब श्वास घेतला, की खाडीवरचं निम्मं धुकं आत गेलं आणि पलीकडचे माड दिसू लागले. मी पाहिलं नाही, पण माड अजून तिथेच आहेत.

पंप चालू केला. बुवांची पेज शिजेपर्यंत चालत राहिला. दत्तारामने हात लावला. निजलेल्या मांजरासारखा कोमट.

"बोळा खाडीत टाकू, बुवा?"

"ठेव. पाऊस पुन्हा यायचाय."

भरती लागली. होडी हलकी झाली. अनंत गाठोडं खांद्याला लावून खाली उतरला.

"कुठे निघालास?" दत्ताराम मागून आला. "बघ, मी काढलं शोधून."

अनंतने गाठोडं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"बरं, पाणी तरी पिऊन जा." दत्तारामने तोच अर्धा उरलेला नारळ दोन्ही हातांनी घट्ट धरून भावाच्या तोंडाशी नेला आणि कलता केला.

अनंत वाट बघत राहिला. नारळातून काही येईना…

बुवांचे डोळे मिटलेले होते.

"दत्ताराम," ते म्हणाले, "अंगठा काढ."