कमी कुणाचा पडला?

"पण बाबा, कमी कुणाचा पडला? तिचा की माझा?"

पारधेबाबांचं लक्ष हातातल्या कामात होतं. ते चर्चच्या खांबाला ऊस बांधत होते आणि सुतळीचं एक टोक त्यांच्या दातांत होतं.

त्या रविवारी हंगामाचा सण होता. मंडळीतल्या प्रत्येक घराने शेतातलं, परसातलं पहिलं पीक आणून वेदीपुढे ठेवायचं, ही तिथली रीत. भोपळे आले होते, बाजरीची कणसं आली होती, मेथीच्या जुड्या होत्या, आणि कुणीतरी पाय बांधून आणलेला एक तांबडा कोंबडाही होता. उपासनेला अजून अवकाश होता.

विचारणारा योएल वाघचौरे, गावचा नवा पाळक. पाळक घडवणाऱ्या सेमिनरीत पहिला आलेला, आवाज खणखणीत, आणि या दोन्ही गोष्टी त्याला चांगल्या ठाऊक होत्या. शमुवेल पारधे हे त्याच्या आधीचे पाळक. ते निवृत्त झाले होते, पण गाव काही त्यांना निवृत्त होऊ देत नव्हतं.

"विश्वास कमी पडला म्हणतोस?" सुतळी दातांतून सुटल्यावर बाबा म्हणाले.

"हो."

"मोजलास कधी?"

"बाबा, चेष्टा नको. मी रात्रभर झोपलेलो नाही."

बाबांनी ऊस सोडला आणि ते पहिल्या बाकावर बसले. शेजारची जागा हाताने झाडून दाखवली. योएल बसला नाही.

"बरं, उभ्याने सांग."

"तबीथाबाईंचं."

तबीथाबाई रणपिसे मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाकीण होत्या. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय गेला. तेव्हापासून त्या घरातच होत्या.

"मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली," योएल म्हणाला. "उपास केला होता. आणि बाबा, त्या वेळी आतून खात्री आली. इच्छा नव्हे, खात्री. ही बाई चालणार. हंगामाच्या सणाला स्वतःच्या पायांनी चर्चला येणार."

"कशी आली खात्री?"

"म्हणजे?"

"मला खरंच जाणून घ्यायचंय. पोटात आली, छातीत आली, कानात आली? मला जन्मात कधी तशी आलेली नाही."

योएलने संशयाने त्यांच्याकडे पाहिलं. पण बाबांच्या तोंडावर हसू नव्हतं. दुसऱ्या गावाहून आलेल्या पाहुण्याला तिकडच्या पावसापाण्याचं विचारावं, तसं ते विचारत होते.

"शब्द नव्हते," योएल हळूच म्हणाला. "भीती गेली एवढंच. आपण कसली काळजी करत होतो तेच आठवेना."

"वा..." बाबा म्हणाले.

मग योएलला जोर आला. "प्रेषिताने पत्रात आत्म्याची कृपादानं सांगितलीत, त्यात विश्वास आहे. तारणाचा विश्वास नव्हे. तो तर प्रत्येक विश्वासणाऱ्यापाशी असतो. हा निराळा, आत्मा ज्याला देईल त्यालाच मिळणारा. ज्याच्या जोरावर माणूस डोंगराला सरक म्हणतो."

"परीक्षेत हेच लिहिलं होतंस?"

"जवळपास."

"मग बरोबरच असणार."

"म्हणूनच मी व्यासपीठावरून सांगितलं. सगळ्या मंडळीसमोर. सणाच्या दिवशी तबीथाबाई चालत येतील आणि साक्ष देतील."

"आणि?"

"आणि आज सण आहे... त्यांना उभंही राहता येत नाही. सिलास म्हणाला, चार दिवस चक्कर येतेय, तोंड सुजलंय. आणि त्यांनी त्याला सांगून ठेवलंय, कुणी विचारलं तर म्हणायचं, आई पैठणला बहिणीकडे गेली."

सिलास हा बाईंचा मुलगा.

"चक्कर कशाने येते?"

योएल जरा घुटमळला. "त्यांनी बीपीच्या गोळ्या बंद केल्यात. गोळी घेतली तर देवाला वाटेल भरवसा नाही, म्हणाल्या."

"हे त्यांना कुणी सांगितलं?"

"मी नाही."

अर्पणाच्या कोंबड्याने नेमकी तीच वेळ साधली आणि तो मोठ्याने आरवला.

बाबा हसले नाहीत. ते त्यांना जड गेलं असावं.

"मी फक्त म्हणालो, विश्वास धरा," योएल म्हणाला. त्याचा आवाज आता खणखणीत राहिला नव्हता. "भेटलो की म्हणायचो. विश्वास धरा मावशी, जरासुद्धा शंका आणू नका, शंकेने घात होतो."

"खात्री कुणाला आली होती?"

"मला."

"कृपादान मिळालं ते कुणाला?"

"मला. निदान मला तसं वाटलं."

"मग ते तू तिच्याकडे का मागत होतास?"

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. योएल आता बाकावर बसला, बाबांनी झाडून ठेवलेल्या जागेवर.

"कफर्णहूमचं ते घर आठवतं?" बाबांनी विचारलं. "छप्पर उचकटलं ते?"

"आठवतं. पक्षाघाती माणसाला चौघांनी बाजेसकट खाली सोडलं. प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला आणि..." योएल थांबला.

"त्यांचा म्हणजे?"

"त्या माणसांचा."

"आणि बाजेवरच्याचा?"

"त्याच्याबद्दल वेगळं काही लिहिलेलं नाही."

"नसेलही त्याच्यापाशी. कंटाळला असेल बिचारा. वरून माती पडत होती तोंडावर." बाबांनी गुडघा चोळला. "तू कुठे होतास म्हणायचं? छपरावर?"

योएलने विचार केला. तो खरोखर विचार करत होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. हुशार मुलांना उत्तर पटकन सुचतं. त्याने सुचलेलं पहिलं उत्तर गिळलं.

"मी खाली होतो," तो म्हणाला. "बाजेपाशी उभा राहून त्याला ऊठ म्हणत होतो."

"ते म्हणायला तिथे दुसरं कुणी होतं ना?"

"होतं," योएल म्हणाला.

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "तिला काही झालं तर, बाबा? बाई गेली तर? ती काय समजून जाईल, की माझाच विश्वास तोकडा, म्हणून देवाने..."

तो रडत होता. बाबांनी त्याला रडू दिलं, पण फार वेळ नाही. ते उठले, लटपटत वेदीच्या पायऱ्या चढले आणि तिथल्या खुर्चीवर त्यांनी हात ठेवला.

ती पाळकाची खुर्ची होती. शिसवी, मिशनच्या काळातली, पाठीवर द्राक्षवेल कोरलेली. तिच्यावर पाळकाशिवाय कुणी बसत नसे. झाडलोट करणारासुद्धा ती पुसायचा, पण टेकायचा नाही.

"एक बाजू धर," बाबा म्हणाले.

"ही? बाबा, हिच्यावर पाळकाशिवाय..."

"जड आहे?"

"जड आहे, पण..."

"जडच पाहिजे. हलकी तिच्या वजनाने मोडेल."

घंटा वाजवणारा लाजरस दारात उभा होता. त्याला काही सांगावं लागलं नाही. पाळकाची खुर्ची चर्चबाहेर निघालेली पाहून तो आपणहून आला आणि तिचा पुढचा पाय धरून त्याने विचारलं, "कुठं न्यायची?"

रणपिसे चर्चच्या मागच्या आळीतच राहायचे. ओट्यावर सिलास बसला होता. खुर्ची पाहून तो उभा राहिला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "आई पैठणला गेलीय."

"असं का," बाबा म्हणाले. "मग आल्यावर आमचा सलाम सांग. आम्ही जरा टेकतो."

आणि ते ओट्यावर टेकले. लाजरसही टेकला. योएल खुर्चीपाशी उभा राहिला.

थोड्या वेळाने आतून आवाज आला, "सिल्या, बाबांना च्या टाक रं."

सिलासने कपाळाला हात लावला.

आत तबीथाबाई बाजेवर होत्या. तोंड सुजलेलं, केस मात्र विंचरलेले. योएलला पाहताच त्यांनी पदर सारखा केला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"माफ करा पाळकसाहेब. लई झटले मी. रोज पाय उचलून बघते. न्हाई उचलत. माझ्यापायी तुमचा शब्द पडला."

योएल खाली बसला, जमिनीवरच.

"शब्द माझा होता, मावशी. तुम्ही कुठे दिला होता?"

"मंग माझा इश्वास कमी पडला म्हनून..."

"नाही."

"मंग कुनाचा?"

योएलने मागे वळून बाबांकडे पाहिलं. बाबा छपराकडे बघत होते. तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं, पत्रे होते.

"मला ठाऊक नाही," योएल म्हणाला. "तुम्ही बऱ्या व्हाल असं मला वाटलं होतं. अजूनही वाटतं. पण ते ओझं माझं होतं. मी ते तुमच्या उशाशी ठेवून गेलो. चुकलो मी, मावशी. गोळ्या कुठे आहेत?"

"पेटीत हायेत," सिलास म्हणाला. "लुगड्याखाली."

योएलने स्वतः पेटी उघडली, गोळ्या काढल्या, माठातून पाणी आणलं. बाईंनी गोळी तळहातावर घेतली आणि तिच्याकडे बघत राहिल्या. सगळ्या बोर्डिंगाला दटावणारी ती बाई आता परवानगी मागत होती.

"देवाला चालंल का?"

हे त्यांनी बाबांना विचारलं. बाबांनी योएलकडे बोट केलं.

"चालेल," योएल म्हणाला. "मी सांगतो, चालेल. आणि उद्या सकाळी दवाखान्यात जायचं. मी येतो सोबत."

बाईंनी गोळी घेतली, वर पाणी प्यायल्या. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, "च्या घ्या मंग सगळे."

चहा झाला. चहाशिवाय त्या घरातून प्रेषितालाही उठता आलं नसतं.

खुर्ची बाजेपाशी आणली तेव्हा मात्र बाई हटून बसल्या. "ह्या खुर्चीवर? मी? माझं काय डोस्कं फिरलंय?"

"मावशी, ही तेवढ्यासाठीच उचलून आणलीय," योएल म्हणाला. "आता रिकामी परत नेली तर मला लाज वाटेल."

"लोक म्हनतील, चालत येनार हुती."

"म्हणू द्या. मी सांगेन, मी म्हणालो होतो, बाई नाही."

सिलासने आईला काखेत धरून खुर्चीत बसवलं. बाईंनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट आवळले. पुढचे पाय योएलने आणि लाजरसने धरले, मागचा एक सिलासने. चौथा बाबांनी. त्यांनी खुर्चीला धरलं होतं की खुर्चीच्या आधाराने ते चालत होते, हे सांगणं अवघड आहे.

आळीतून निघाले तेव्हा दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं होती. सणाचे कपडे घातलेली, हातात दुधी, वांगी, गवारीच्या टोपल्या घेतलेली. आधी कुणीच बोललं नाही. बाई मान खाली घालून बसल्या होत्या. आवळून आवळून त्यांच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"आई ग," त्या पुटपुटत होत्या. "पाडशीला रं मला. पाडशीला."

"नाही पाडत," योएल म्हणाला. त्याला धाप लागली होती. सेमिनरीत असलं काही उचलायला लावत नाहीत.

मग एका म्हातारीने हातातली टोपली खाली ठेवली आणि ओरडली, "सलाम गं तबीथा! किती दिसांनी दिसलीस!"

मग दुसऱ्या ओट्यावरून सलाम आला. मग तिसऱ्या. बोर्डिंगात कधीकाळी त्यांच्या हातची आमटी खाल्लेल्या दोघी बायका, आता लेकुरवाळ्या, खुर्चीबरोबर चालू लागल्या. कुणीही पायाचं विचारलं नाही.

चर्चचं दार दिसायला लागलं. योएलला मात्र राहवेना. मान वळवता येत नव्हती, म्हणून तो समोर बघतच बोलला.

"बाबा, आज व्यासपीठावरून मी विश्वासावरच बोलणार होतो. सगळं लिहून ठेवलंय. आता त्यातलं काय ठेवू आणि काय काढू? आणि खात्रीचं काय? मला वाटलं होतं ते खरं दान होतं, की..."

"हळू चाल," मागून पारधेबाबा म्हणाले. "बाईंनी खुर्चीचे दोन्ही हात सोडलेत."