मुकी धार

काय विचारायचं ते इथं अंगणातच विचारून घ्या, पाव्हणं. वाट कुठून, चढ किती, डोहात उतरायचं की नाही, सगळं सांगतो. चहा पिऊन निघालो तर उन्हं चढायच्या आत धबधब्यावर पोचू आणि जेवायला परत येऊ. पण खिंड ओलांडली की माझं तोंड बंद. मग हाका मारू नका, हातानं खुणा करा. आंबेदऱ्याचा कुठलाही माणूस त्या धबधब्यापाशी बोलत नाही. एवढा दणाणतो, तरी त्याला मुकी धार म्हणतात ते त्यामुळं. हसा, हसा. शहरातली माणसं आधी हसतातच.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा आमची माणसं त्या कड्यावरचा मध काढत. आग्या मोहोळाची पोळी कड्याच्या पोटाला लटकलेली असतात, तिथं वाखाच्या दोरानं माणूस खाली सोडायचा. दोर धरायचा तो त्याच्या बायकोच्या भावानंच, अशी रीत. सख्खा भाऊसुद्धा चालत नसे. भाऊ एखादे वेळी वाटणीपायी उलटेल, पण आपल्याच बहिणीचं कुंकू कोण पुसेल? वाडवडिलांनी फार विचार करून ठरवलं होतं. दैवापुढं कुणाची अक्कल चालते?

धावजी नावाचा गडी मध काढण्यात पटाईत होता आणि त्याचा दोर धरायचा त्याचा मेव्हणा हैबत. हैबतची धाकटी बहीण ठकू धावजीला दिलेली. आईबाप लवकर गेले, तेव्हा तिला हैबतनंच वाढवलं होतं. उन्हाळ्याचे दिवस, धार करंगळीएवढी. धावजी खाली पोळ्याशी लोंबकळत होता. हैबत वर उघड्या कातळावर, दोर कमरेला गुंडाळून टाचा रोवून बसला होता. दोर बांधायला तिथं झाड नाही की झुडूप नाही. तेवढ्यात ठकू शेजारणीबरोबर भाकरी घेऊन आली आणि दगडांवर पाय देत कड्यावरचा ओढा ओलांडू लागली. वर डोंगराच्या माथ्यावर वळीव कोसळला होता, तो कड्यापाशी कुणाला कळलाच नाही. लोंढा आला तो एकदम.

ठकू वाहत येऊन हैबतच्या समोरच एका खडकाला अडकली, असं सांगतात. उठून गेला असता तर हाताला लागली असती. पण उठायचं तर दोर सोडायचा. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच. शेवटी बहिणीची माया, त्यानं कमरेचा वेढा सैल करायला घेतला, तेव्हा ती ओरडली, "दादा, दोर सोडू नको. तुला माझी आण आहे."

त्यानं सोडला नाही. बहीण डोळ्यांदेखत कड्यावरून गेली.

मग त्यानं धावजीला वर ओढून घेतलं. लोंढा धावजीच्या अंगावरूनच गेला होता, त्यात कोण होतं ते त्याला वर आल्यावर कळलं. तो तसाच कड्याकडं धावला. हैबतनं त्याला मिठीत आवळून धरलं. धावजी सारखं विचारत होता, ती काय म्हणाली, शेवटी काही बोलली का? हैबतनं ओळखलं, खरं सांगितलं तर हा एक घटकाही राहणार नाही. आपल्यासाठी बायको गेली हे पोटात घेऊन कोण जगेल? तो म्हणाला, "काही नाही बोलली, दाजी. मीच भ्यालो. माझ्यानं उठवलं नाही."

झालं. धावजीला शिव्या द्यायला माणूस मिळाला आणि त्या रागावर तो जगला. रोज सकाळी हैबतच्या दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, बहीण मारलीस तू. हैबत मान खाली घालून ऐकायचा. शेजारीण ओढ्याच्या काठावरच राहिली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं गावाला सांगितलं आणि गावानं तोंडाला कुलूप लावलं. बाहेरच्या गावांना खरं माहीत नव्हतं, त्यामुळं हैबतला कुणी पोरगी दिली नाही. खंगत खंगत तो मेला, तेव्हा धावजीनं खांदासुद्धा दिला नाही. जन्मभरात त्या माणसाला त्याच्याकडून एक गोड शब्द मिळाला नाही. मला अजून राग येतो याचा, पण काढू कुणावर?

हैबत गेल्यावर धावजीला शिव्या द्यायलाही कुणी उरलं नाही. मग तो रोज कड्यावर जाऊन बसू लागला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारू लागला, ती काय म्हणाली? लोक तोंड फिरवून निघून जात. बोलता बोलता एखादा शब्द निसटायचा, या भीतीनं हळूहळू तिथं कुणी बोलेनासंच झालं. एक दिवस तो बसल्या जागीच गेला. उत्तर न मिळताच गेला.

गेला म्हणायचं, एवढंच. आजही तो तिथं बसून विचारतो म्हणे. म्हणून आम्ही मुक्यानं जातो, मुक्यानं येतो. आता तुम्हालाही माहीत झालंय, तेव्हा तुम्हीही जपा. त्याला कळायला नको.