येळवाडीची ठकूआई

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट, माणदेशातल्या येळवाडीची. तिथं ठकू नावाची एक धनगराची सून होती. कामाला वाघीण, पण तोंडानं फटकळ. एक दिवस तिची सासू बायजा लोकर कातता कातता कलंडली. अंगावरून वारं गेलं. डावा हात, डावा पाय लाकूड झाला.

ठकू रोज सकाळी ताट आणि तांब्या सासूच्या डाव्या अंगाला ठेवायची आणि मेंढरांमागं जायची. परत येऊन बघावं, तर उजव्या कडेचं कालवण तेवढं संपलेलं. भाकरी तशीच, तांब्या भरलेला. संध्याकाळी तिचा लेक, ठकूचा नवरा, पाजील तेवढंच पाणी म्हातारीच्या पोटात जायचं.

"माझ्या हातचं पाणी चालत नाही व्हय? ऱ्हा मग तहानलेली!" ठकू कडाडायची. म्हातारी वाकड्या तोंडानं काहीतरी पुटपुटायची.

चौथ्या दिवशी रागारागानं ठकूनं ताट ढकललं, ते गर्रकन फिरलं. भाकरी उजवीकडं आली. बायजानं झडप घातली. ठकूनं भीत भीत तांब्या उजवीकडं धरला. म्हातारी घटाघटा प्यायली, गळ्यावरून ओघळेपर्यंत.

"कुठं व्हता गं ह्यो?" तिनं विचारलं.

तेव्हा ठकूला उमगलं. सासूला डावीकडचं जगच दिसत नव्हतं! तिनं म्हातारीला कुशीवर वळवलं, तर पाठीला जखमा. पडून पडून झालेल्या.

मग ठकू तिची कूस बदलू लागली, उठवून बसवून घास भरवू लागली, आखडलेली बोटं एकेक करून उघडू लागली. वर्षानं बायजा काठी टेकत दारापर्यंत आली.

"झालं ते जाऊ दे गं पोरी," सासू म्हणाली. पण ठकूनं जाऊ दिलं नाही. असं म्हणतात, त्यानंतर तिनं कधी मान वर केली नाही.

पंचक्रोशीत कुणाच्या अंगावरून वारं गेलं की ठकू तिथं हजर. असं म्हणतात, तिला तीन कोसांवरून आजाऱ्याची तहान कळायची. असं म्हणतात, ती निघाली की भरली माणगंगा घोट्याएवढी व्हायची. लोक पाया पडायला वाकले की ती मागं सरायची. "नगा रं. तहानलेल्या जिवाला मी शिव्या घातल्यात."

तिनं देऊळ बांधू दिलं नाही. पण आजही येळवाडीत कुणी अंथरुणाला खिळलं, की कूस बदलायला घरटी एक माणूस जातं. आणि ज्याचं त्या घराशी भांडण असेल, त्याची पाळी पहिली.