दुसरी हाक

समुद्रात घुसलेल्या एका खडकाळ डोंगरावर रानशेळ्यांचा कळप राहत असे. त्या कळपातल्या एका तरुण शेळीला एके सकाळी पहिल्यांदा काहीतरी चुकल्यासारखे वाटले. कारण इतके लहान होते की ते कुणाला सांगायचीही तिला लाज वाटली. समोरच्या कड्यावर तिचा धाकटा भाऊ पहाऱ्याला बसला होता, आणि त्याचे तोंड समुद्राकडे नव्हते. तिच्याकडे होते.

मुलांनो, त्यात काय एवढे, असे तुम्हाला वाटेल. म्हणून आधी त्या डोंगराची रीत सांगते. डोंगराला तीन कडे होते आणि तिन्हींच्या मध्ये एक हिरवी, खोलगट जागा होती. गोड्या पाण्याचा झरा तेवढ्या एकाच ठिकाणी होता, म्हणून म्हाताऱ्या शेळ्या, लंगड्या शेळ्या आणि करडे तिथेच चरत. प्रत्येक कड्यावर एक पहारेकरी समुद्राकडे तोंड करून बसे. ओहोटीला पाणी मागे हटले की डोंगरापासून पलीकडच्या जंगलापर्यंत वाळूचा एक पट्टा उघडा पडायचा. भीती असायची ती तिथूनच. पहारेकऱ्याला काही दिसले की तो नाकातून एक छोटी, तीक्ष्ण हाक मारायचा. पण एका हाकेने खालचा कळप हलत नसे, कारण एकटा पहारेकरी ढगाच्या सावलीलाही घाबरू शकतो. दुसरीकडून तशीच हाक आली, म्हणजे दुसऱ्यानेही ते पाहिले, तरच कळप उठायचा. आणि मग दुसरी हाक जिथून आली असेल तिकडे, मागे न बघता धावत सुटायचा. उत्तर देणारा उभा आहे ती जागा सुरक्षित, हे ठरलेलेच होते.

आपली ही तरुण शेळी तर फारच घाबरट. वाऱ्याने वाळकी काटकी घरंगळली तरी तिचे चारही पाय ताठ होत. तिची आई खाली झऱ्याजवळ असायची. जुन्या लढाईत लांडग्याने आईचा मागचा पाय चावून निकामी केला होता, त्यामुळे तिला चढता येत नसे.

"अगं, तुझ्यासारख्या पोरींसाठीच ही दुसरी हाक ठेवलीय," आई हसत म्हणायची. "नाहीतर आम्ही दिवसभर नुसत्या धावतच राहिलो असतो. तू खुशाल ओरड. समोर तुझा भाऊ आहे ना, खरं असेल तर तो देईल साथ."

शेळी त्या एका वाक्यावर जगत असे. आपण चुकलो तरी भाऊ चुकणार नाही, एवढाच तिचा धीर.

आता त्या जुन्या लढाईचे सांगते. कितीतरी पिढ्या त्या डोंगरावर लांडग्यांचे राज्य होते. शेळ्यांनी नऊ उन्हाळे त्यांच्याशी झुंज दिली. शिंगे मोडली, कडे ओस पडले. अगदी शेवटच्या दिवशी पलीकडच्या किनाऱ्यावर सिंह, अस्वल आणि गरुड असे तिघे येऊन उभे राहिले. तिघांनी मिळून एकदाच आवाज केला आणि लांडगे पळाले. नऊ उन्हाळे शेळ्यांचे होते, पण आठवण मात्र त्या एका आवाजाची राहिली.

दुसऱ्याच दिवशी तिघांचा दूत म्हणून एक कोल्हा वाळूवरून चालत आला. तो अतिशय नम्र होता. "तुमचं रक्षण आता आमच्या मालकांकडे," तो म्हणाला. "फक्त एक राजा हवा. तुमच्यातलाच निवडला तर तुम्ही भांडाल. म्हणून आम्ही बाहेरून आणलाय." राजा म्हणून आला तो दूरच्या थंड मुलखातला एक तरणा एडका. त्याला शेळ्यांची भाषा येत नव्हती आणि खडक चढता येत नव्हता. त्याला वर न्यायला चार बोकड लागत. शेळ्या आधी हसल्या, मग सवय झाली.

त्यानंतर हळूहळू कड्यांची नावे बदलली. पूर्वी ती वाऱ्याचा कडा, काट्यांचा कडा, उन्हाचा कडा अशी होती. आता सिंहाचा कडा, अस्वलाचा कडा, गरुडाचा कडा. "आमच्या सिंहाची आयाळ बघितलीस का?" एका कड्यावरची शेळी विचारायची. "आयाळीने पोट भरतं होय? आमच्या अस्वलाचा पंजा बघ," दुसरी म्हणायची. ना हिने सिंह जवळून पाहिलेला, ना तिने अस्वल.

हे गोष्टीपुरतेच आहे असे समजू नका. ग्रीस नावाचा एक देश आहे. नकाशात पाहिलात तर तो समुद्रात बुडवलेल्या हाताच्या बोटांसारखा दिसतो. तो स्वतंत्र झाला तेव्हा तिथल्या राजकीय पक्षांना लोक खरोखरच इंग्रज पक्ष, फ्रेंच पक्ष आणि रशियन पक्ष म्हणत. त्यांचा पहिला राजाही बाहेरच्यांनीच ठरवला होता, परक्या देशातला, सतरा वर्षांचा. कॉलेजात हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी ते पान दोनदा वाचले. आपल्या पक्षाला दुसऱ्याच्या देशाचे नाव माणसे कशी देतात? शेळ्यांचे पाहिले की कळते. रोज थोडेथोडे देतात.

कोल्ह्याचे येणेजाणे वाढले. त्याला शेळ्यांचे फार कौतुक. विशेषतः त्यांच्या हाकेचे. "तुमच्या पूर्वजांची हाक," तो डोळे मिटून म्हणायचा. "सगळ्या जंगलात अशी हाक नाही हो कुणाची. आमच्याकडची मोठीमोठी जनावरं तिचं नाव काढतात. जुन्या शेळ्या कशी मारायच्या? पुन्हा एकदा ऐकवा ना." शेळ्यांना भरून यायचे. इतकी वर्षे त्यांना कुणी चांगले म्हटले नव्हते. म्हाताऱ्या बोकडांनी त्याला समोर बसवून शिकवले, श्वास कुठे तोडायचा, नाक कसे आवळायचे. कोल्हा चुकला की ते प्रेमाने दुरुस्त करायचे. शेळीची आईसुद्धा म्हणाली होती, "परका असून किती आवडीने शिकतो बघ. आमची पोरं निम्मी हाक गिळतात."

आणि मग कोल्ह्याने शेवटचा सल्ला दिला. तो त्याने प्रत्येक कड्यावर वेगळा जाऊन दिला. "समुद्राकडे कशाला बघता? समुद्राकडे आमचे मालक बघतात. तुम्हाला खरी भीती आहे ती शेजारच्या कड्यांची. त्यांच्याकडे बघा."

म्हणून त्या सकाळी भावाचे तोंड तिच्याकडे होते.

"काय रे, माझ्याकडे काय बघत बसलायस?" शेळीने दरीपलीकडे विचारले.

"तसं सांगितलंय, ताई."

"कुणी?"

"वरून." मग तो म्हणाला, "तुमच्या कड्यावरूनही बघतातच की आमच्याकडे. तू आत्ता कुठे बघतेयस?"

शेळीही त्याच्याकडेच बघत होती.

"मी हाक मारली तर देशील ना साथ?"

भावाने मागे वळून पाहिले. त्याच्या मागे तुटक्या शिंगाचा म्हातारा बोकड रवंथ करीत उभा होता. लांडग्यांशी लढताना त्याचे शिंग मोडले होते, आणि एके काळी तिन्ही कड्यांवरचे सगळे त्याला काका म्हणत. "सिंहाच्या कड्यावरच्यांशी बोलायचं नाही, ठरलंय ना आपलं?" तो भावाला म्हणाला. शेळीकडे त्याने पाहिलेही नाही.

"काका, मी तुमच्याच मांडीवर वाढले," शेळी म्हणाली.

"तेव्हा तू सिंहाची नव्हतीस," म्हातारा बोकड म्हणाला.

ती खाली झऱ्यावर गेली आणि आईला सगळे सांगितले. आई आता हसली नाही. तिने इकडेतिकडे पाहिले, तिथे चरणारी शेळी कोणत्या कड्याची आहे याचा अंदाज घेतला, आणि हळूच म्हणाली, "हळू बोल. आणि उद्यापासून झऱ्यावर येऊ नकोस सारखी. लोक मोजतात."

त्या दिवशी शेळीला समजले की आईही घाबरते. मग आपण कुणाच्या धीराने घाबरायचे, असा विचित्र विचार तिच्या मनात आला.

पुढची ओहोटी मोठी होती. सकाळचे ऊन स्वच्छ पडले होते. शेळीने चोरून मान वळवली आणि समुद्राकडे पाहिले. ओल्या वाळूवर सिंह, अस्वल आणि गरुड बसले होते. तिघेही जवळजवळ, जुने शेजारी बसतात तसे. ज्यांच्या नावाने कड्याकड्यांची तोंडे फिरली होती, ते एकमेकांशी भांडत नव्हते. सिंहाने नखाने वाळूवर काहीतरी काढले. वरून बघणाऱ्या शेळीला ते लगेच ओळखू आले. तो त्यांचा डोंगर होता, तीन कडे आणि मधला झरा. सिंहाने त्यावर एक रेघ ओढली. अस्वलाने जराशी पुसून ती थोडी सरकवली. गरुड काही बोलला आणि तिघेही हसल्यासारखे दिसले. झरा सिंहाच्या बाजूला गेला. तेवढ्यात पाण्याची एक पातळ लाट आली आणि ते चित्र पुसून गेली, पण त्यांचे काम झाले होते.

मग तिने त्यांच्यामागे पाहिले. थोडे अंतर राखून, हुकमाची वाट पाहत, लांडगे बसले होते. तेच जुने लांडगे. सिंहाने मान हलवली आणि ते उठून वाळूच्या पट्ट्यावरून झऱ्याच्या दिशेने चालू लागले. पळत नव्हते. घाई नव्हती त्यांना.

शेळीने हाक मारली.

खाली झऱ्याजवळ सगळ्यांच्या माना वर झाल्या. आईचीही. कुणी हलले नाही. सगळे दुसऱ्या हाकेची वाट पाहत राहिले.

शेळीने पुन्हा हाक मारली. दरीपलीकडे भाऊ उभा होता. तो तिच्याकडेच बघत होता, दिवसभर बघायचेच काम होते त्याला. त्याने फक्त मान वळवायची होती, एकदा, समुद्राकडे.

"काका, ती घाबरलीय," तो म्हणाला.

"ती नेहमीच घाबरते," म्हातारा बोकड म्हणाला.

"पण आज वेगळी घाबरलीय. एकदा बघू का तिकडे?"

"तिला उत्तर दिलंस तर कळप आपल्या कड्याकडे धावेल. मग सिंहाची माणसं... म्हणजे सिंहाच्या शेळ्या म्हणतील, अस्वलवाल्यांनी कळप पळवला. आधी कोल्ह्याला विचारू."

"तो कुठे आहे?"

"येईलच. रोज येतो."

गरुडाच्या कड्यावरही तसेच चालले होते. तिथे दोन बोकड वाद घालत होते की ही हाक खरी आहे, की आपल्याला समुद्राकडे बघायला लावण्याची युक्ती. एडका राजा सावलीत झोपला होता. लांडगे अर्धा पट्टा चालून आले होते.

"दादूस, बघ ना रे," शेळी ओरडली. लहानपणी ती भावाला असेच म्हणायची, तो धाकटा असूनही, त्याला मोठे वाटावे म्हणून. "माझ्यासाठी नको. आई खाली आहे."

भावाचे तोंड उघडले. मग त्याने मागे बघितले, आणि ते मिटले.

शेळीने तिसऱ्यांदा हाक मारली. तिचा आवाज फाटला होता. ती हाकेपेक्षा खोकल्यासारखी वाटली. खाली आईने कान उभे केले आणि एका कड्यावरून दुसऱ्या कड्याकडे, दुसऱ्यावरून तिसऱ्याकडे, सावकाश मान फिरवून पाहिले. तिच्या मुलीने ओरडावे, आणि मुलाने गप्प बसावे, याचा अर्थ तिला लागत नव्हता. इतक्या वर्षांत तसे कधी झालेच नव्हते.

आणि तेव्हा उत्तर आले.

स्पष्ट, तीक्ष्ण, श्वास नेमका तिथेच तोडलेली हाक. इतकी शुद्ध की कळपात आता कुणालाच तशी येत नव्हती. पूर्वजांचीच जणू. ती कोणत्याच कड्यावरून आली नव्हती. ती खालून, वाळूवरून आली होती, जिथे सिंहाच्या बाजूला कोल्हा डोळे मिटून उभा होता. झऱ्याजवळचा सगळा कळप एकदम उठला. दुसरी हाक ऐकून आईच्या तोंडावर सुटकेचे हसू आले, आणि ती लंगडत, सगळ्यांच्या पुढे, वाळूकडे धावू लागली.

तात्पर्य : आपल्या माणसाच्या हाकेला साथ द्यायची की नाही हे जे परक्याला विचारून ठरवतात, त्यांच्या घरच्या हाकेला शेवटी परकाच उत्तर देतो.