भेकराला पहिला धक्का कुठे लागला?

मुलांनो, धावणाऱ्याचे पाय थकलेत, हे तुम्ही कशावरून ठरवाल?

फार पूर्वी एका माळावर, सकाळच्या विरळ धुक्यात, जनावरांच्या दोन टोळ्या रोज खेळत. भेकर गवताचा गोळा तोंडात धरून पलीकडच्या जांभळीकडे धावे. त्याच्या टोळीतली रानडुकरं पुढे राहून समोरच्यांना बाजूला सारत. तेव्हा भेकर धुक्यावरून तरंगत चालल्यासारखं दिसे.

मग मोहाची फुलं गळू लागली, सारा माळ गोड वासाने भरून गेला, आणि भेकर अर्ध्या वाटेतच पडू लागलं.

"पायांना मुळं फुटली वाटतं!" माकड खिदळलं.

टोळीचा म्होरक्या सांबर हळहळत म्हणाला, "भेकरा, वय झालं रे तुझं. उद्यापासून चितळ धावेल."

भेकराने मान खाली घातली. त्यालाही ते खरंच वाटू लागलं होतं.

"सांबरदादा, ते कुठे पडलं एवढंच पाहता तुम्ही," माळावर घरटं असलेली टिटवी म्हणाली. "पहिला धक्का कुठे लागतो, ते पाहा की! पूर्वी पार जांभळीजवळ लागायचा. आता निघता निघताच चौघं अंगावर येतात, तरी ते अर्धा माळ कापतं."

"मग डुकरं काय करतात?"

"मोहाची फुलं खाऊन उभ्या उभ्या डुलक्या घेतात."

थोरलं रानडुक्कर ओशाळून म्हणालं, "आम्हांला वाटलं, भेकरच ते, कसंही पोचेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी रानडुकरं उपाशीपोटी माळावर आली, आणि भेकर जांभळीपर्यंत पोचलं.